लक्ष्मीपूजनाच्या रात्री पौर्णिमा छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जाहिरात संस्थांमधले कलादिग्दर्शक, फ्लेक्सपासून मोबाइलवरच्या शुभेच्छांपर्यंत सगळं घडवणारे ग्राफिक डिझायनर, आणि त्यावर शेवटची सही करणारी मार्केटिंगची मंडळी यांस,

सस्नेह नमस्कार.

गेल्या दिवाळीत एका सराफी पेढीची पानभर जाहिरात पाहिली. वाड्याचं अंगण, पणत्यांची रांग, नऊवारीतली सून, तिच्या हातात पूजेचं ताट आणि डोक्यामागे भलामोठा, वाटोळा, दुधाळ चंद्र. वर ठसठशीत अक्षरांत 'लक्ष्मीपूजनाच्या हार्दिक शुभेच्छा'. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला असतं, हे सांगायला पंचांग उघडावं लागत नाही. ती जाहिरात करणाऱ्या संस्थेला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, आणि सभ्य आलं. चंद्र 'मूड'साठी घेतला आहे, ही कलात्मक मोकळीक आहे, ग्राहकाला चित्र फार आवडलं असून या वर्षीही हीच कल्पना पुढे नेण्याचं ठरलं आहे, असं त्यात होतं.

चूक झाली असती तर मी ती केव्हाच विसरले असते. पण सांगितल्यावरही 'ठरलं आहे' म्हटलं, तेव्हा गप्प बसवेना. ती संस्था किंवा ती पेढी एकटीच असं करते असंही नाही, म्हणून त्यांचं नाव न घेता तुम्हा सगळ्यांनाच उघड लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवते. पावसाळा संपला की मुलांना शाळेच्या गच्चीवर नेऊन आकाश दाखवते. दुर्बीण साधीच आहे, पण चंद्रावरची विवरं त्यात छान दिसतात. तुम्ही काय छापता याच्याशी माझा संबंध एवढाच, की तुमचं चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर वर्षभर असतं आणि माझा तास पस्तीस मिनिटांचा असतो. चंद्रकला शिकवताना मी टेबलावर दिवा ठेवते, एकाच्या हातात चेंडू देते आणि त्याला दिव्याभोवती गोल फिरायला न लावता स्वतःभोवती फिरायला लावते. चेंडू डोक्याच्या जरा वर धरून मूल फिरू लागलं की दिव्याकडची बाजू उजळलेली दिसते, कोर वाढते, अर्धा होतो, पूर्ण होतो, पुन्हा झिजतो. मुलं 'आहा' म्हणतात. मग मी फळ्यावर बीजेचा चंद्र काढायला सांगते, आणि सातवीतली एक हुशार मुलगी येऊन कोर काढते, उलट्या तोंडाची, आणि दोन टोकांच्या मधोमध एक चांदणी. मी विचारते, चांदणी कुठून आली? ती म्हणते, "बाई, असंच असतं. कॅलेंडरवर पण आहे, दुकानाच्या बोर्डावर पण आहे."

तिचं काय चुकलं? तिनं जे शंभरदा पाहिलं, ते काढलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे तुम्हाला मी सगळ्याच चंद्रांच्या मागे लागले आहे असं वाटायला नको. शंकराच्या जटेतली कोर, कपाळावरची चंद्रकोर टिकली, बाळाच्या झबल्यावरचा हसरा चांदोमामा, चंद्रकळेचं काठपदर, एखाद्या धर्माचं किंवा संस्थेचं चिन्ह म्हणून काढलेली कोर, यांतल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. ती चिन्हं आहेत, ती आकाशाबद्दल काही बोलत नाहीत. पण तुम्ही जेव्हा क्षितिज काढता, घरं काढता, सणाचं नाव लिहिता आणि वर आकाशात चंद्र ठेवता, तेव्हा तुम्ही एक विधान करता. अमुक तिथीला, अमुक वेळी, अमुक दिशेला आकाश असं दिसतं, असं ते विधान आहे. आणि ते खरं आहे की खोटं, हे तपासता येतं. तिथी म्हणजे दुसरं काही नाही, सूर्यापासून चंद्र किती पुढे गेला त्याचं बारा-बारा अंशांत केलेलं माप. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो आणि प्रतिपदेला सुरू होतो, म्हणून सणाच्या तिथीतच चंद्राचा आकार लिहिलेला असतो. जगातल्या किती डिझायनरांना ही सोय आयती मिळते?

आता तक्रारी.

पहिली, अर्थात दिवाळीची. आश्विन अमावास्येला चंद्र सूर्याच्या अंगालाच असतो, जवळपास त्याच्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबर मावळतो. रात्री आकाशात चंद्र नसतोच. घरोघरी दिवे लागतात ते या काळोखात. पणत्यांच्या ओळीवर पौर्णिमेचा चंद्र टांगला की त्या पणत्यांना करायला काम काय उरलं? म्हणजे तुमची जाहिरात तुम्हीच खोडून काढता. चांगल्या कलादिग्दर्शकाला खरं तर ही अमावास्या हवीहवीशी वाटायला पाहिजे. काळंभोर आकाश, खाली सोनेरी उजेड, आणि दागिना चमकायला मोकळी जागा. चंद्र काढून टाका, चित्र आपोआप सुधारेल.

आणि दिवाळीत चंद्र हवाच असेल तर तो आहे की. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी पूर्वेला झिजत आलेली बारीक कोर उगवते. पंचांगात त्या दिवशीचा चंद्रोदय मुद्दाम दिलेला असतो, तो यासाठीच. उटणं, मोती साबण, कुडकुडणारी मुलं, आणि खिडकीतून पूर्वेकडे ती कोर. हे कुणीच कसं काढत नाही? दुसरी संधी भाऊबीजेला. कार्तिक शुद्ध द्वितीया. आपल्याकडे कितीतरी घरांत बहीण आधी चंद्राला ओवाळते आणि मग भावाला. ती कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, अगदी खाली दिसते आणि तासाभरात मावळते, म्हणून आयांची घाई चाललेली असते, 'चला गं, चंद्र बुडेल'. तिचा शेकडा दोन-चार भागच उजळलेला असतो. तुमच्या जाहिरातींत भाऊबीज भर रात्री असते आणि खिडकीत पौर्णिमा.

दुसरी तक्रार 'फ्लिप'ची, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवण्याची. ही मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ती अज्ञानातून होत नाही, सोयीतून होते. माझा एक जुना विद्यार्थी फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. त्याच्या शेजारी बसून मी हे पाहिलं आहे. चंद्राच्या तयार चित्राची फाइल (पीएनजी) उघडली, आकाशात ठेवली. गिऱ्हाईक म्हणालं, लोगो डावीकडे घ्या. लोगो डावीकडे आला, चंद्र उजवीकडे सरकला, पण त्याची पाठ जाहिरातीतल्या चेहऱ्याकडे आली. 'जरा फिरव ना.' एक क्लिक, फ्लिप होरिझाँटल. झालं. त्या एका क्लिकनं शुद्ध पक्षाचा वद्य पक्ष झाला, आणि संध्याकाळची पहाट झाली. आपल्याकडून पाहताना संध्याकाळी पश्चिमेला दिसणाऱ्या वाढत्या कोरीची फुगीर बाजू उजवीकडे आणि खाली असते, कारण सूर्य तिकडे मावळलेला असतो. फुगीर बाजू डावीकडे असलेली कोर पहाटे पूर्वेला दिसते. त्या पोरानं हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाई, लोगोचं काय करू?" मी म्हटलं, चंद्र हलव, पण उलटा करू नकोस. त्याला ते पटलं. गिऱ्हाइकाला पटलं नाही.

पूर्ण चंद्र फ्लिप केला तर कळणार नाही, असं कुणाला वाटत असेल तर तेही खरं नाही. चंद्राच्या तोंडावर खुणा आहेत. वरच्या अंगाला उजवीकडे एक सुटा, लंबगोल काळा डाग आहे, मॅरे क्रिसियम. खालच्या बाजूला टायको विवर आहे, त्यातून पांढरे पट्टे चहूकडे फुटलेले दिसतात. चंद्र उगवल्यापासून मावळेपर्यंत ही तबकडी वळलेली दिसते, पण आरशातल्यासारखी उलटी कधीच होत नाही. आपल्या ओळखीचा ससा तुमच्या होर्डिंगवर उलट्या दिशेनं पळत असतो. टायटनचं घड्याळ आरशातलं छापलं असतं तर तुमची नोकरी राहिली असती का?

तिसरी तक्रार त्या मुलीच्या चांदणीची. चंद्राचा काळा भाग म्हणजे भोक नव्हे. तिथे चंद्रच आहे, फक्त त्यावर ऊन नाही. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि तारे त्याच्या कितीतरी पलीकडे. तेव्हा दोन टोकांच्या मधोमध तारा दिसायचा तर तो चंद्राच्या अलीकडे यायला हवा. बीजेच्या वेळी नीट पाहिलंत तर तो काळा भागही राखाडी-निळसर दिसतो, पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात. तो काढून पाहा एकदा, फार सुंदर दिसतो.

याच तक्रारीच्या पोटात कोरीचा आकार. कोरल या संगणकावर चित्रं काढायच्या प्रणालीत दोन वर्तुळं घेतली, एकातून दुसरं ट्रिम केलं की कोर तयार, असं सगळेच करतात. पण ती कोर चंद्राची नसते. खऱ्या कोरीची बाहेरची कड बरोबर अर्धं वर्तुळ असते आणि आतली कड अर्धा लंबगोल. त्यामुळे तिची दोन टोकं नेहमी एकमेकांच्या समोरासमोर, एकाच व्यासावर येतात. तुमच्या कोरीची टोकं त्याच्याही पुढे वळून एकमेकांना भेटायला निघालेली असतात. वर्तुळातून वर्तुळ कापल्यावर जे उरतं ते खंडग्रास सूर्यग्रहण. शुभेच्छापत्रावर ग्रहण लावताय, एवढं तरी लक्षात घ्या.

चौथी थोडक्यात सांगते. मावळता सूर्य आणि पूर्ण चंद्र एकाच चौकटीत असू शकत नाहीत, ते आकाशाच्या दोन टोकांना असतात. सूर्य आणि कोर एकत्र दाखवायची तर उजळ बाजू सूर्याकडेच हवी. सणांचे महिने सुरू झाले की ही चूक दर आठवड्याला दिसते.

पाचवी तक्रार तिथ्यांची. होळी फाल्गुन पौर्णिमेला, तेव्हा पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. तुमच्या होळीमागे कोर असते. गणेश चतुर्थीला शुद्ध पक्षातली कोर असते आणि ती रात्री नऊच्या सुमारास मावळते. त्या दिवशी चंद्र पाहू नये असं लोक मानतात, आणि तुम्ही मोदकाच्या जाहिरातीत गणपतीच्या मागे पूर्ण चंद्र ठेवता. श्रद्धा असो वा नसो, चंद्र चुकलाच. गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, अर्धा असतो, आणि त्याची उजळ बाजू खाली क्षितिजाकडे असते. कृष्णजन्म आणि चंद्रोदय जवळपास एकाच वेळी! याहून बोलकं चित्र कुठं मिळणार? संकष्टीला वद्य चतुर्थीचा चंद्र असतो, शेकडा ऐंशी-नव्वद भाग उजळलेला. उत्तरेतली करवा चौथ म्हणजे आश्विनातली आपली संकष्टीच. आता मराठी वाहिन्यांवरही तिच्या जाहिराती लागतात, आणि चाळणीतून दिसते ती नाजूक कोर. दिवसभर उपाशी राहून नऊ-नऊ वाजेपर्यंत चंद्राची वाट पाहणाऱ्या बायकांना त्याचा आकार माहीत नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं?

कोजागरीची गंमत वेगळीच. तिथं आकार बरोबर असतो, कारण पौर्णिमा विसरणं कुणालाच शक्य नाही. पण चित्रात भिंतीवर बाराचा ठोका आणि चंद्र समोरच्या इमारतीमागून डोकावतोय. आश्विनातला पूर्ण चंद्र मध्यरात्री महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून तर गच्चीच्या मधोमध ठेवलेल्या दुधात तो दिसतो.

सहावी तक्रार मी आवाज जरा चढवून मांडणार आहे. शिवजयंतीला आणि राज्याभिषेकदिनी चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. त्यावर राजमुद्रा असते. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता'. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. बीजेच्या आधीची ती कोर, पश्चिमेला, सूर्यास्तानंतर, दिसली तर दिसली अशी. राज्य कसं वाढेल हे सांगायला मुद्रा ज्या खगोलीय गोष्टीचा दाखला देते, ती इतकी नेमकी आहे. आणि त्या ओळीच्या डोक्यावर आमच्या तालुक्याच्या गावी मी जी कोर पाहिली, तिची फुगीर बाजू डावीकडे होती. म्हणजे वद्य पक्षातली, दिवसागणिक झिजत अमावास्येकडे चाललेली. खाली लिहिलंय वाढत जाणारी, वर चित्रात ती झिजायला लागली आहे. महाराजांच्या दाढीचा एक केस इकडचा तिकडे झाला तर काय होतं हे आपण सगळे जाणतो. मुद्रेतल्या चंद्राची मात्र कुणालाच पर्वा नाही.

कोर कशी कललेली असते हेही याच ओघात सांगते. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत. त्यामुळे चैत्राच्या सुरुवातीला, पाडव्यानंतरच्या संध्याकाळी, कोर जवळजवळ आडवी दिसते, दोन्ही टोकं वर. कपाळावरच्या चंद्रकोरीसारखीच. दिवाळीत तीच कोर उजवीकडे कललेली दिसते. तुम्ही स्टॉकमधून, म्हणजे विकतच्या तयार फोटोंच्या साठ्यातून, घेता त्या उभ्या कोरीचे बरेचसे फोटो युरोपातल्या शरदातल्या संध्याकाळचे असावेत, तिकडे ती तशीच उभी दिसते. पाडव्याच्या शुभेच्छांवर लंडनची कोर लावणं म्हणजे साखरेच्या गाठीऐवजी चॉकलेट टांगण्यापैकी आहे.

आता तुमच्या बाजूनं जी उत्तरं येतात त्यांच्याकडे वळते.

'एवढं कोण बघतं?' बघतात. कोळी बघतात, पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, यावर ज्यांची होडी निघते त्यांना चंद्र विसरून चालत नाही. रमजानच्या शेवटी गच्चीगच्चीवर मान उंचावून पश्चिमेकडे पाहणारी माणसं बघतात, आणि त्यांच्या ईदच्या शुभेच्छांवर तुम्ही पहाटेची कोर छापता. संकष्टी करणाऱ्या बघतात. संकष्टीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि मुंबई-नागपुरात त्या वेळेत साधारण पंचवीस मिनिटांचा फरक पडतो हे त्यांना पाठ असतं. तुमचं 'कोण बघतं' म्हणजे 'आम्ही बघत नाही' एवढंच.

'लोकांना चालतं.' चालतं कारण सांगणारं कुणी नसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमच्या अवकाशतळाच्या पायाभरणीनिमित्त तिथल्या एका मंत्र्यांनी दिलेल्या वृत्तपत्रीय जाहिरातीत रॉकेटवर चिनी झेंडा छापला गेला. देशभर गदारोळ झाला आणि डिझायनरकडून चूक झाल्याचा खुलासा करावा लागला. तेव्हा कुणी 'मूडसाठी घेतला' म्हणालं नाही. झेंडा चुकला तर चूक आणि चंद्र चुकला तर कलात्मक मोकळीक, ही वाटणी कुणी केली?

चंद्रयान-३ उतरलं तेव्हाचंच पाहा. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. आम्ही शाळेत मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहिलं. बाहेर आलो तर ढगांच्या फटीतून चंद्र दिसत होता, शुद्ध सप्तमीचा, अर्ध्याला आलेला. त्याचं विक्रम लँडर उतरलं ते दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, चंद्रावरच्या ६९ अक्षांशाच्या आसपास, आणि तिथं नुकताच सूर्य उगवला होता, कारण ते चालणार होतं सौरऊर्जेवर. मी मुलांना सांगितलं, तो उजळलेला अर्धा भाग दिसतोय ना, त्याच्या खालच्या टोकाजवळ आपलं यान आहे. मुलं कितीतरी वेळ बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर पूर्ण चंद्र होता, आणि चंद्रावर तिरंगा रोवणारा अंतराळवीर. त्या मोहिमेत माणूस नव्हता. सहा चाकांची छोटी प्रज्ञान गाडी होती, तिचा एक फोटो इस्रोच्या संकेतस्थळावरून घेता आला असता. आदल्या संध्याकाळी मुलांनी जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते दुसऱ्या दिवशीच्या फ्लेक्सनं पुसलं. हे नुकसान कुठल्या हिशेबात धरायचं?

'मुदत नसते, रात्रीत काम द्यावं लागतं.' हे मात्र मला समजतं. तुमच्यातले कितीतरी जण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून प्रूफ काढतात आणि गिऱ्हाईक सकाळी फोनवर रंग बदलायला सांगतं. पण त्याच गडबडीत तुम्ही लोगोची लाल छटा क्रमांक पाहून जुळवता, किमतीपुढचा स्टार आणि खालची बारीक अटींची ओळ चारदा तपासता, मॉडेलच्या हातावरचा तीळ पुसता. म्हणजे तपासायची सवय आहे. चंद्र तपासायच्या यादीत नाही, इतकंच.

आता एआयनं चित्रं काढायला लागल्यापासून तर माझ्या पाहण्यात परिस्थिती आणखी बिघडली आहे. 'दिवाळी नाइट' म्हटलं की यंत्र चंद्र घालून देतं, कारण त्यानं तुमचीच आधीची चित्रं पाहून ठेवली आहेत. तुम्ही चूक छापायची, यंत्रानं ती शिकायची आणि पुन्हा तुम्हालाच विकायची.

हे प्रकरण घेऊन मी जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या कुठल्या परिषदेकडे किंवा ग्राहक न्यायालयात जाणार नाही. चुकीच्या चंद्रानं कुणाचे पैसे बुडत नाहीत. माझ्या मागण्या साध्या आहेत, त्यांना खर्च जवळजवळ नाही.

सणाच्या प्रत्येक कामाच्या जॉब शीटवर, जिथं माप आणि रंग लिहिता तिथंच, तिथी लिहा. शुद्ध की वद्य, आणि कितवी. चित्र संध्याकाळचं आहे, मध्यरात्रीचं की पहाटेचं, हेही लिहा. या दोन ओळींवरून चंद्राचा आकार, जागा आणि तोंड ठरतं. भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे, खगोलशास्त्रज्ञ नेमायला नको.

चंद्राची प्रतिमा आडवी फ्लिप करणं बंद करा. हा नियम पाटीवर लिहून संगणकाच्या वर लावा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या चित्रात चंद्र नको. यात तडजोड सुचवू नका.

कोरीच्या आत तारा नको, आणि कोर ट्रिम करून नको. अर्ध वर्तुळ आणि अर्धा लंबगोल, एकदा बरोबर बनवून ठेवा, आयुष्यभर पुरेल.

सरकारी खात्यांच्या आणि महापालिकांच्या सणासुदीच्या जाहिराती ज्यांच्या हातून जातात, त्यांनी हे आधी पाळावं. करदात्यांच्या पैशानं मुलांना चुकीचं आकाश दाखवू नये. वृत्तपत्रांच्या जाहिरात विभागांनीही, ज्या अंकात आत पंचांग छापतात त्याच अंकाच्या पहिल्या पानावर उलटा चंद्र येत असेल तर एक फोन करावा.

जे. जे.पासून तालुक्याच्या कला महाविद्यालयापर्यंत उपयोजित कला शिकवणाऱ्यांना विनंती, की पहिल्या वर्षाच्या मुलांना एक पंधरवडा रोज ठरल्या वेळी चंद्राचं स्केच करायला लावा. मानवी शरीर काढायला शिकवता, कापडाच्या चुण्या काढायला शिकवता. चंद्र दर रात्री सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे चार दिवसांत हाताला कळतं.

शेवटची मागणी: कुणी चूक दाखवली तर 'मूड' म्हणून परतवू नका. छापील पान परत घेता येत नाही हे मान्य, पण मोबाइलवरची प्रतिमा बदलता येते. ती बदला आणि बदलली असं सांगा.

माझ्या बाजूनं मी इतकं करते. वर्षभरातल्या सगळ्या मोठ्या सणांचा एक पानाचा तक्ता मी आणि दहावीच्या मुलांनी तयार केला आहे: सण, तिथी, चंद्राचा आकार, उगवायची आणि मावळायची साधारण वेळ, दिशा, आणि उजळ बाजू कुठली. ज्या संस्थेला हवा तिला फुकट देऊ. आमचं नाव छापायची गरज नाही.

दिवाळीची कामं श्रावणातच सुरू होतात असं माझा तो फ्लेक्सवाला विद्यार्थी सांगतो. म्हणजे अजून वेळ आहे. ज्या संस्थेनं 'कल्पना पुढे नेण्याचं ठरलं आहे' असं कळवलं होतं, तिच्याकडून मला गणपतीच्या आधी लेखी उत्तर हवं आहे. येत्या लक्ष्मीपूजनाच्या पानावर चंद्र असेल की नसेल, एवढ्या एकाच प्रश्नाचं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका
जिल्हा सातारा